न बुडालेल्या जहाजांचा हिशेब

सोलापूरपासून मुंबई बंदर चारशे किलोमीटर. पाण्यावर तरंगणारं काही आपल्या रोजच्या पाहण्यात असेलच, तर उजनीच्या धरणातल्या मासेमारीच्या होड्या. त्यामुळे 'सोलापूरच्या कापडधंद्याच्या इतिहासावर काम करतो' असं सांगून मी लगेच 'सध्या जहाजांबद्दल वाचतोय' म्हणालो, की समोरचा गोंधळतो. विषय बदलला का, असंही काही जण विचारतात. विषय बदललेला नाही. जहाजांवरचे हल्ले हा कापडाच्या इतिहासाचा भाग कसा होतो, आणि त्याचा पुरावा नेमका कुठे शोधायचा, हे आज लिहितोय. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना यातला दुसरा भाग जास्त उपयोगी पडावा.

सुरुवात अगदी अलीकडच्या गोष्टीपासून करतो, कारण ती सगळ्यांना आठवत असेल. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' नावाच्या जहाजावर हेलिकॉप्टरमधून उतरून ते ताब्यात घेतलं. मग ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचे हल्ले सुरू झाले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मर्स्क, एमएससी, हापाग-लॉईड अशा मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजं त्या वाटेने नेणं थांबवलं. न्हावा शेवाहून युरोपला जाणारा कंटेनर सुएझ कालव्याऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला. २०२४ च्या सुरुवातीला सुएझमधून जाणाऱ्या जहाजांची संख्या निम्म्याच्याही खाली आली. टेरी टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या आपल्या गावाला ही बातमी लांबची नव्हती.

आता एक आकडा बघा. २०२४ संपेपर्यंत शंभरच्या आसपास व्यापारी जहाजांवर हल्ले झाले होते. त्यांतली बुडाली किती? दोन. 'रुबिमार' आणि 'ट्युटर'.

दोन जहाजं बुडाली म्हणून जगातला एवढा मोठा जलमार्ग अर्धा ओस पडला, हे कारण-परिणामाचं गणित सरळ मांडलं तर जुळतच नाही. ते जुळत नाही, कारण आपण चुकीची गोष्ट मोजतोय. हल्ल्याचा व्यापारावरचा परिणाम बुडालेल्या जहाजांत नसतो. तो न निघालेल्या, उशिरा निघालेल्या आणि लांबून गेलेल्या जहाजांत असतो. इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण अशी, की बुडालेल्या जहाजांच्या याद्या तयार असतात; नाव, टनभार, तारीख, अक्षांश-रेखांश सगळं छापलेलं. न निघालेल्या जहाजाची यादी कोणी करत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच समुद्रातलं आहे. १९१४ सालचं 'एमडन'.

एमडन ही जर्मन आरमाराची हलकी युद्धनौका, कप्तान कार्ल फॉन म्युलर. चीनच्या किनाऱ्यावरच्या जर्मन तळाहून निघालेलं हे जहाज सप्टेंबरच्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरात शिरलं आणि १० सप्टेंबरपासून त्याने जहाजं पकडायला सुरुवात केली. पहिलं 'पोंटोपोरोस', ग्रीक मालकीचं, पण पोटात भारतातला कोळसा. एमडनला कोळसा हवाच होता, म्हणून ते सोबत ठेवून घेतलं. मग 'इंडस', जे कलकत्त्याहून मुंबईला सैन्य आणि घोडे भरायला चाललं होतं. पाठोपाठ 'लोवट', 'किलिन', चहाने भरलेलं 'डिप्लोमॅट'. 'कबिंगा' हे जहाज मात्र त्याने सोडून दिलं, कारण त्यावरचा माल अमेरिकन मालकीचा होता आणि अमेरिका तेव्हा तटस्थ होती. पकडलेल्या जहाजांवरचे लोक त्यातूनच किनाऱ्याला पाठवले. म्हणजे हा माणूस जहाजं बुडवत होता, पण मालाची कागदपत्रं वाचून. २२ सप्टेंबरच्या रात्री एमडनने मद्रासवर तोफा डागल्या आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून जाऊ लागले. पुढे श्रीलंकेच्या पश्चिमेला, मिनिकॉयच्या आसपास आणखी जहाजं. २८ ऑक्टोबरला पेनांगच्या बंदरात घुसून एक रशियन आणि एक फ्रेंच युद्धनौका बुडवली. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी' या युद्धनौकेने एमडनला संपवलं.

ही गोष्ट थरारक आहे आणि त्यामुळेच ती अभ्यासकाला फसवते. तमिळ आणि मलयाळममध्ये तर एमडन हा शब्दच होऊन बसला. पण हिशेब काय सांगतो? दोन महिन्यांत एमडनने पकडलेली व्यापारी जहाजं दोन डझनांच्या आतबाहेर. बुडवलेल्या ब्रिटिश जहाजांचा टनभार साधारण सत्तर हजार. त्या काळी ब्रिटनच्या व्यापारी ताफ्याचा टनभार होता एक कोटी ऐंशी लाखांच्या वर. म्हणजे शेकडा अर्ध्याहूनही कमी. केवळ या आकड्यावर निष्कर्ष काढायचा तर 'परिणाम नगण्य' असं लिहून पुढच्या प्रकरणाकडे वळता येईल. काही पुस्तकांनी ते केलंही आहे.

पण १४ सप्टेंबरला बातमी कलकत्त्यात पोचली, तेव्हापासून बंदरं थांबली. कलकत्ता, रंगून, मद्रास, कोलंबो इथली जहाजं निघेनात. ताग, चहा, तांदूळ गोदीत पडून. एक युद्धनौका एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते, पण ती कुठे आहे हे माहीत नसेल तर ती सगळीकडेच असते. शिवाय तिला शोधायला ब्रिटिश, फ्रेंच, रशियन, जपानी युद्धनौका फिरत होत्या, आणि त्याच वेळी मुंबई-कराचीहून निघालेल्या सैन्याच्या जहाजांनाही सोबत हवी होती.

इथे विम्याचा विषय समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो कंटाळवाणा वाटतो, पण सगळी किल्ली तिथेच आहे. नेहमीच्या सागरी विम्यात वादळ, खडक, आग हे धोके धरलेले असतात; युद्ध आणि जप्ती धरलेली नसते. त्यासाठी वेगळा युद्धविमा घ्यावा लागतो आणि त्याचा दर धोक्याप्रमाणे दिवसादिवसाला बदलतो. ऑगस्ट १९१४ मध्ये लंडनचा खासगी विमा बाजार घाबरला, तेव्हा ब्रिटिश सरकारने स्वतः योजना आणली: जहाजांच्या युद्धविम्यातला ८० टक्के भार सरकार उचलणार, आणि मालाचा विमा ठरलेल्या दराने सरकारी कचेरीत मिळणार. हा मालाचा दर युद्धाच्या पहिल्या दिवसांत शेकडा ५ गिनी होता. १ सप्टेंबरपर्यंत तो २ गिनीवर आणला. दर उतरला म्हणजे समुद्र 'मोकळा' झाला, असा व्यापाऱ्यांनी अर्थ घेतला. आणि दहाच दिवसांत एमडन उगवलं.

आता समजा, तुम्ही एक लाख रुपयांचा कापूस पाठवणारे दलाल आहात. त्या व्यवहारात तुमची खरी कमाई तीन-चार हजार असेल. (हे आकडे समजण्यापुरते, कुठल्या वहीतले नाहीत.) विम्याचा दर शेकडा एक असेल तर तुम्ही कुरकुर करत माल पाठवाल. पाच झाला, की पाठवणारच नाही. तुमचं जहाज कुणी पाहिलंसुद्धा नाही, तरी तुमचा व्यापार बंद. २०२४ मध्येही हेच झालं. लाल समुद्रातून एकदा जाण्यासाठीचा युद्धविमा जहाजाच्या किमतीच्या शेकडा एक दशांशाच्याही खालून पाऊण ते एक टक्क्यापर्यंत गेला. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीचे सात ते दहा लाख डॉलर. वळसा घालून जाणं परवडतं म्हणून कंपन्या वळसा घालतात. त्याला भेकडपणा म्हणणं अज्ञानाचं आहे. आणि वळसा घातला की तेवढीच जहाजं वर्षात कमी फेऱ्या करतात, रिकामे कंटेनर परत यायला उशीर होतो, मग न्हावा शेवाला माल तयार असूनही कंटेनर मिळत नाही. ज्याचा माल लाल समुद्राकडे जायचाच नाही, त्याच्याही भाड्यात वाढ होते.

म्हणून माझा सल्ला असा: १९१४ च्या समुद्राबद्दल लिहायचं तर बुडालेल्या जहाजांच्या यादीबरोबर त्या काळच्या वर्तमानपत्रातला बंदराचा रकाना बघा. कुठलं जहाज आलं, कुठलं गेलं, कुठलं 'थांबलं', हे रोज छापून येत असे. तो रकाना वाचायला रटाळ आहे, दोन दिवसांत डोळे दुखतात. पण न निघालेल्या जहाजांची यादी तुम्हाला तिथूनच, स्वतः, बनवावी लागते.

एमडनच्या पन्नास वर्षं आधी हाच प्रकार आपल्या किनाऱ्यावर एकदा होऊन गेला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा कापसाशी असलेला संबंध आपण शाळेत शिकतो: उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि बाजार कोसळला. रेल्वे १८६० च्या सुमारास सोलापूरपर्यंत पोचली होती, त्यामुळे ही लाट आपल्यापर्यंतही आली. (नाकेबंदी, तेजी, मंदी, कर्ज आणि मग १८७५ चे पुणे-नगरकडचे दख्खनचे दंगे, अशी सरळ रेघ परीक्षेत ओढतात. मध्ये दहा वर्षं आहेत, जमीनमहसुलाची फेरआकारणी आहे. रेघ एवढी सरळ नाही.)

याच युद्धाची दुसरी बाजू फार कमी सांगितली जाते. दक्षिणेच्या बाजूचं 'अलाबामा' हे जहाज उत्तरेची व्यापारी जहाजं जाळत जगभर फिरत होतं. डिसेंबर १८६३ मध्ये ते सिंगापूरला आलं. १४ जानेवारी १८६४ रोजी मलबारच्या किनाऱ्यापुढे त्याने 'एमा जेन' नावाचं अमेरिकन जहाज जाळलं आणि त्यावरची माणसं केरळातल्या अंजेंगोला उतरवली. हे जहाज मुंबईहून निघालं होतं. रिकामं! १८६४ च्या जानेवारीत, कापसाची तेजी जोरात असताना, मुंबई बंदरातून जहाज रिकामं निघतं, हे वाचून मी थांबलो होतो. कारण साधं आहे. अमेरिकन झेंड्याखालच्या जहाजात माल भरायला कोणी तयार नव्हतं. अलाबामाची भीती होती आणि त्यामुळे विमा महाग. माल ब्रिटिश जहाजांकडे जात होता.

मग अमेरिकन मालकांनी काय केलं? झेंडे बदलले. शेकडो जहाजं कागदोपत्री ब्रिटिश झाली. 'टेक्सन स्टार'चं नाव बदलून 'मार्ताबान' केलं, ब्रिटिश झेंडा लावला. अलाबामाच्या कप्तानाला संशय आला आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीत त्याने तेही जाळलं. पण बाकीची वाचली. अमेरिकेच्या व्यापारी ताफ्याचं खरं नुकसान जळलेल्या जहाजांपेक्षा या परक्या झेंड्याखाली गेलेल्या जहाजांनी केलं, कारण युद्ध संपल्यावर कायद्याने त्यांना परत येऊ दिलं नाही. इथेही यादी जळलेल्यांची प्रसिद्ध आहे.

झेंड्याचा विषय निघालाच आहे, तर कान्होजी आंग्र्यांकडे जावंच लागतं. कंपनीच्या कागदांत त्यांच्यासाठी ठरलेला शब्द आहे तो समुद्री चाच्याचा. तो शब्द तसाच उचलून प्रबंधात घालणारे आजही भेटतात. आंग्रे मराठ्यांचे सरखेल होते, आणि त्यांचं म्हणणं असं होतं की कोकणच्या किनाऱ्यापुढून जाणाऱ्या जहाजाने त्यांचं दस्तक घ्यावं. नसेल तर जहाज पकडलं जाईल. पोर्तुगीज दोनशे वर्षं 'कार्ताझ' नावाने हेच करत आले होते आणि त्यांच्या व्हाइसरॉयला कोणी चाचा म्हटलेलं नाही. १७१२ मध्ये आंग्र्यांनी मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज पकडलं, १७१३ मध्ये कंपनीशी तह झाला. तह फार टिकला नाही. भांडणाचं एक मोठं कारण हेच होतं, की इंग्रज झेंड्याखाली जाणारा मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांचा माल 'इंग्रजांचा' धरायचा की नाही. एमा जेन आणि मार्ताबानचाच प्रश्न, दीडशे वर्षं आधीचा.

मला वाटतं, व्यापाऱ्याच्या वहीतून पाहिलं तर दस्तकाची रक्कम आणि विम्याचा हप्ता यांत फार फरक नाही. दोन्ही म्हणजे जहाज सुखरूप पोचण्याची किंमत. एक किनाऱ्यावरच्या सत्तेला द्यायची, दुसरी लंडनच्या कचेरीत. 'हल्ला' आणि 'अंमलबजावणी' यांतली सीमा कोणाचे कागद शिल्लक राहिले यावर ठरते. आंग्र्यांबद्दल अभिमानाने बोलायला कोणाची हरकत नाही, पण प्रबंधात अभिमान पुरत नाही. दस्तकाची व्यवस्था कशी चालत होती ते दाखवावं लागतं.

हा धागा धरून पुन्हा १९१४ कडे येतो, म्हणजे सोलापूरच्या प्रश्नापर्यंत पोचता येईल. एमडन जर्मनांचं. पण त्याच महिन्यांत समुद्रावर त्याहून कितीतरी मोठा 'हल्ला' चालू होता, तो ब्रिटिश आरमाराचा. जर्मनीची नाकेबंदी. त्याला कोणी हल्ला म्हणत नाही, कारण ती जिंकणाऱ्यांनी केली आणि बहुतेक वेळा जहाज न बुडवता केली. सोलापूरच्या दृष्टीने मात्र एमडनपेक्षा ती जवळची होती. का, तर रंग.

युद्धाआधी जगातले बहुतांश कृत्रिम रंग जर्मनीत बनत. लाल रंगासाठी अ‍ॅलिझरिन आणि निळ्यासाठी कृत्रिम नीळ यांनी पंचवीस-तीस वर्षांत आल, मंजिष्ठा आणि नैसर्गिक नीळ बाजारातून जवळजवळ हाकलून दिली होती. सोलापूर हे हातमागाचं गाव, आणि इथलं लुगडं म्हणजे रंगवलेल्या सुताचं काम. पांढरं सूत गिरणीतून मिळेल. जुनी गिरणी, लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू अशा गिरण्या गावातच उभ्या होत्या. पण रंगाचा डबा हॅम्बुर्गहून समुद्रमार्गे मुंबईत आणि तिथून रेल्वेने यायचा. नाकेबंदीने तो थांबला. शिल्लक साठ्याचे भाव भडकले. याचा फटका गिरणीपेक्षा मागवाल्याला जास्त, कारण गिरणी काही काळ कोरं कापड विकू शकते. रंगीत काठाचं लुगडं विणणाऱ्या साळ्याला किंवा पद्मशालीला ती सोय नाही. त्याचं गिऱ्हाईकच काठ पाहून घेतं.

हाच धक्का बिहारमध्ये उलटा लागला. जर्मन नीळ येईना म्हणून नैसर्गिक निळीला पुन्हा भाव आला, आणि मरायला टेकलेला निळीचा धंदा मळेवाल्यांनी पुन्हा वाढवला. १९१७ मध्ये गांधीजी चंपारण्यात गेले ते याच काळात. सोलापूरच्या रंगाऱ्याची टंचाई आणि चंपारण्याच्या रयतेवरची सक्ती एकाच नाकेबंदीच्या दोन टोकांना आहेत. एकाला इतिहासाच्या पुस्तकात प्रकरण मिळालं, दुसऱ्याला एक वाक्यही क्वचित मिळतं.

१९१७ मध्ये तर समुद्र मुंबईच्या दारातच पेटला. 'वुल्फ' नावाचं जर्मन जहाज साध्या मालवाहू जहाजाच्या वेषात आलं आणि फेब्रुवारीत कोलंबो आणि मुंबईपुढच्या पाण्यात सुरुंग पेरून निघून गेलं. ना तोफ, ना झेंडा. सुरुंगांचा परिणाम कळायला वेळ लागला. जूनमध्ये 'सिटी ऑफ एक्सेटर'ला धक्का बसला, 'क्रॉक्स्टेथ हॉल' बुडालं, आणि २३ जूनला पी अँड ओ कंपनीचं 'मंगोलिया' हे टपालाचं मोठं जहाज मुंबईजवळ बुडालं. पेरणारा तोवर हजारो मैल दूर. पुन्हा तेच: वुल्फच्या मुंबईपुढच्या सुरुंगांनी बुडवलेली जहाजं हातावर मोजण्याइतकी. पण सुरुंग काढणाऱ्या बोटी, थांबवलेली जहाजं, बदललेल्या वाटा हे महिनोन्‌महिने चाललं.

आणि हे सगळं भूमध्य समुद्रात आणि ब्रिटनभोवती जर्मन पाणबुड्या जे करत होत्या त्याच्या तुलनेत किरकोळ होतं. एकट्या एप्रिल १९१७ मध्ये जगाचा साडेआठ लाख टनांहून जास्त जहाजभार बुडाला. १९१६ पासूनच पूर्वेकडची बरीच जहाजं भूमध्य समुद्र टाळून केपच्या वळशाने जात होती. होय, तोच वळसा. इथे मात्र मी माझ्याच सूत्राला मुरड घालतो: १९१७ मध्ये बुडालेली जहाजं मोजावीच लागतात, कारण ती इतकी होती की जगात जहाजंच कमी पडली. सूत्र आहे म्हणून ते सगळीकडे लावायचं नसतं.

जहाजं कमी पडल्यावर त्याचे पडसाद सोलापुरात कसे उमटतात? दोन वाटा सांगतो. पहिली वाट कोळशाची. युद्धाआधी बंगालचा कोळसा मुंबईला मोठ्या प्रमाणावर समुद्रमार्गे यायचा, कलकत्त्याहून वळसा घालून. (पोंटोपोरोसच्या पोटातला कोळसा आठवा.) जहाजं लष्कराच्या कामाला गेली, उरलेली महाग झाली, आणि हा कोळसा रेल्वेवर आला. हजार मैलांहून लांबची ओझी रेल्वेच्या वाघिणींवर पडली. वाघिणी तेवढ्याच. इंजिनं आणि सुटे भाग विलायतेहून यायचे, तेही थांबलेले. १९१७ मध्ये सरकारला कोळशासाठी वेगळा नियंत्रक नेमावा लागला. म्हणजे कापसाची गाठ, ज्वारीचं पोतं आणि गिरणीचा कोळसा यांना वाघीण मिळेना, त्याचं एक कारण बंगालच्या उपसागरात होतं. कापसाच्या बाजाराबद्दल वाचताना 'वाघिणींची टंचाई' हे शब्द आले की बरेचजण तो रेल्वेचा प्रश्न समजून पुढे जातात. तिथेच थांबायला हवं.

दुसरी वाट लँकेशायरच्या कापडाची. १९१३-१४ मध्ये भारतात तीन अब्ज वारांहून जास्त कापड बाहेरून आलं होतं. युद्ध संपता संपता ते साधारण एक अब्जाच्या आसपास उतरलं. जहाजात जागा नाही, भाडं प्रचंड, आणि १९१७ मध्ये आयात कर साडेतीनवरून साडेसात टक्क्यांवर गेला. भारतीय गिरण्यांना रान मोकळं मिळालं. भाव चढले, नफा चढला. १९१८ मध्ये कापड इतकं महाग झालं की सरकारने कापूस-कापड कायदा करून गरिबांसाठी 'प्रमाणित कापड' काढायचा प्रयत्न केला. त्याच वर्षी पाऊस गेला आणि इन्फ्लुएंझा आला. गिरणीच्या नफ्याचा वाटा मजुरीत उतरला नाही अशी कामगारांची तक्रार होती, आणि १९२० च्या सुरुवातीला सोलापुरात गिरणी कामगारांचा मोठा संप झाला.

आता हे वाचून 'पाणबुडीमुळे सोलापूरचा संप' असं शीर्षक कोणाला सुचेल, म्हणून स्पष्ट लिहितो. महागाईला आयात कर होता, सरकारची खरेदी होती, चलनवाढ होती, दुष्काळ होता. समुद्र त्यातलं एक कारण. माझ्या मते मोठं कारण, पण ते किती मोठं हे दाखवायचं तर महिन्यावार भाव लागतात, वार्षिक सरासरी चालत नाही. वार्षिक सरासरीत एमडनचे दोन महिने विरघळून जातात. सप्टेंबर १९१४ मधला रंगाचा भाव, जून-जुलै १९१७ मधलं जहाजभाडं, त्यानंतर किती आठवड्यांनी सुताचा भाव हलला, अशी मांडणी केली तर कार्यकारण दिसू लागतं किंवा नाही हे तरी कळतं. गिरणीमालक संघाचे वार्षिक अहवाल, भारत सरकारची भाव आणि मजुरीची मालिका, वर्तमानपत्रांतले बाजारभाव ही तिन्ही साधनं शेजारी ठेवून वाचायची. गिरणीमालकांचा अहवाल अडचणी ठळक सांगतो आणि नफा हळू आवाजात. तेवढं लक्षात ठेवायचं.

एक गोष्ट राहिली. 'बुडालेली जहाजं मोजू नका' हे व्यापाराच्या हिशेबापुरतं खरं. जहाजावरच्या माणसांच्या हिशेबात उलट आहे. पी अँड ओच्या आणि इतर कंपन्यांच्या जहाजांवर भट्टीत कोळसा ओतणारे, डेकवर काम करणारे खलाशी मोठ्या संख्येने भारतीय होते. मुंबईत भरती होणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान आणि गोव्याचे लोक पुष्कळ. सुरुंग किंवा टॉर्पेडो जहाजाला पाण्याखालच्या भागात लागतो, आणि भट्टीवाले तिथेच असतात. जहाज बुडाल्याची बातमी छापताना वर्तमानपत्रं गोऱ्या प्रवाशांची नावं देत, खलाशांचा आकडा देत, कधी तोही नाही. मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून जास्त माणसांची ती नोंद. अभिलेखागारात कामासाठी मुंबईला गेलात, तर तिथून मस्जिद बंदर फार लांब नाही.